घरात मिरचीचं बी कधी लावायचं? (बाहेर अजून बर्फ आहे)

ठसका | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

मागच्या सप्टेंबरात आम्ही घर घेतलं, नेपरव्हिलला, शिकागोच्या पश्चिमेला. मागे अंगण आहे असं कागदोपत्री लिहिलंय. सध्या तिथे नुसता बर्फ आहे, खाली माती निघेल या आशेवर बसलेय.

यंदा मिरची घरची खायची असं ठरवलंय. ज्वालाचं एक पाकीट मागवलं. शिवाय देसी दुकानातल्या सुक्या लवंगी मिरच्या फोडून त्यातलं बी काढून ठेवलंय (हातमोजे न घालता. मग डोळ्याला हात लावला. पुढचं विचारू नका).

आता प्रश्न. बी घरात कधी लावायचं? दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं, तेवढं पुरेल का? शेजारचे आजोबा म्हणतात, मदर्स डेच्या आत काही बाहेर लावू नकोस. म्हणजे मेचा दुसरा रविवार! तोवर चाळीस रोपं घरात ठेवली तर आम्ही जेवायला कुठे बसायचं?

नेटवर बघावं तर अर्ध्या जगाची मिरची जानेवारीतच वीतभर झालेली दिसते. मला उशीर झालाय का?

बागुलबुवा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशीर? बी परत डब्यात टाका आणि डबा वरच्या फळीवर ठेवा, हात सहज पोचणार नाही असा.

हिशोब उलटा मांडायचा असतो. तुमच्याकडे शेवटचं हिव साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडतं. तिथून मागे मोजा. मिरची आणि वांगं ८ ते १० आठवडे आधी. टोमॅटो ६ ते ८. काकडी, दुधी, दोडका, कारलं फक्त ३-४, कारण या वेलांना मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत, शिवाय महिनाभरात ते पडद्यांना धरून वर चढतात. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, घेवडा यांना घरात लाड करायची गरजच नाही, सरळ जमिनीत.

म्हणजे तुमची मिरची फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आज लावलीत तर एप्रिलमध्ये दोन फुटी, मुळं गुंडाळलेली, फुलं धरून बसलेली रोपं घरभर होतील. हे मी न्यू जर्सीत, एडिसनमधल्या माझ्या जेवणाच्या टेबलाच्या अनुभवावरून सांगतोय.

उणे_तीस | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

बागुलबुवांशी असहमत.

मी मिनिआपोलिसला. आमचा उन्हाळा म्हणजे डोळ्याची पापणी लवायची खोटी. मिरची मुळात आळशी पीक, उगवायलाच दोन-तीन आठवडे घेते. मी दरवर्षी २६ जानेवारीला सकाळी दिल्लीच्या कर्तव्य पथावरचं संचलन बघतो आणि दुपारी मिरची लावतो. एप्रिलपर्यंत मोठ्या कुंडीत जाते, जूनमध्ये बाहेर. घरात दिवे आणि जागा असेल तर लवकर लावण्यात तोटा काय?

बागुलबुवा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४८

"दिवे आणि जागा असेल तर." यातच सगळं आलं. ताईंकडे खिडकी आहे.

सोनसळी | ८ फेब्रुवारी, रात्री ११:३०

वाचतेय. प्रतिसादांसाठी खुर्ची टाकून बसले.

अक्काबाई | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आमच्या घरचं पंचांग सांगते, बावीस वर्षं न्यू जर्सीत चाललंय. संक्रांतीला कांद्याचं बी. महाशिवरात्रीला मिरची-वांगी. होळीला टोमॅटो. अक्षय्य तृतीयेला दुधी, दोडका, काकडी. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात.

खुरपं | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

अक्का, अधिक महिना आला की?

अक्काबाई | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

शिवरात्र फार लवकर आली की मी आठ दिवस थांबते, फार उशिरा आली की उपास सुरू व्हायच्या आधीच लावून टाकते. महादेव समजून घेतो.

मॅकिनीचा_सुभा | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:४४

तुमचा झोन कुठला ते आधी बघा. झोनप्रमाणे तारखा ठरतात.

बागुलबुवा | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

नाही हो, ही चूक सगळे करतात. झोनचा नकाशा फक्त एवढंच सांगतो की तुमच्याकडे हिवाळ्यात सरासरी किती खाली पारा उतरतो. अंजीर, गुलाब, डाळिंब जगेल का यासाठी तो. शेवटचं हिव कधी पडेल ते त्यातून कळत नाही. सिअ‍ॅटल आणि डॅलस जवळपास एकाच झोनात बसतात, पण दोन्हीकडचा उन्हाळा एक आहे का सांगा.

मॅकिनीचा_सुभा | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:३१

मान्य. आमच्याकडे डॅलसजवळ मार्चच्या मध्यात हिव संपतं, मी मिरची-टोमॅटो जानेवारीतच लावून मोकळा होतो. त्यातही घाई करावी लागते, कारण जूननंतर रात्रीसुद्धा ७५ फॅरनहाइटच्या खाली येत नाहीत आणि टोमॅटोचं फूल धरतच नाही, नुसतं गळतं.

पावसाची_लेक | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:५८

सिअ‍ॅटलहून. आमच्या वांग्यांना जुलैतही शाल पांघरावीशी वाटते. पुढे बोला.

कवडसा | ९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

ठसका, खिडकीच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितेय. खिडकी पुरत नाही. फेब्रुवारीतलं ऊन तिरपं, दिवस लहान, त्यात दोन पदरी काच. पहिल्या वर्षी मी खिडकीत टोमॅटो लावले. आठ दिवसांत ते अकरावीतल्या मुलांसारखे झाले, नुसती उंची, अंगात काही नाही. मग एके सकाळी सगळे काचेवर टेकून आडवे.

महागडे दिवे घेऊ नका. गॅरेजमध्ये लावतात ते चार फुटी पांढरे एलईडीचे दिवे, ५००० केल्विनचे, साखळीनं टांगायचे. रोपांपासून तीन-चार इंचांवर, रोप वाढेल तसा दिवा वर. टायमर लावून रोज १४ ते १६ तास. रात्री बंद, रोपांनाही झोप लागते.

आधी मी जांभळा ग्रो लाइट आणला होता. बेसमेंटच्या खिडकीतून तो उजेड रस्त्यावर पडायचा. समोरची शेजारीण दोन आठवडे माझ्याकडे बघून वेगळंच हसत होती. शेवटी तिला खाली नेऊन वांग्याची रोपं दाखवली. चेहऱ्यावरून तरी जरा निराशच झाल्यासारखी वाटली.

हिशोबनीस | ९ फेब्रुवारी, दुपारी २:०५

दिवे, टायमर, उबेची चटई, ट्रे, माती, कप. एका मिरचीची किंमत किती पडली हे कोणी मांडलंय का? मेमध्ये नर्सरीत चार-पाच डॉलरला रोप मिळतं.

कवडसा | ९ फेब्रुवारी, दुपारी २:४०

टोमॅटोच्या बाबतीत तुमचं खरं आहे, मी स्वतः आता टोमॅटोची दोन रोपं विकतच आणते. पण नर्सरीत हालापिन्यो मिळेल, ज्वाला मिळणार नाही. भरल्या वांग्याची छोटी काटेरी वांगी, दोडका, पडवळ तर नाहीच नाही. जे विकत मिळत नाही त्याचंच बी लावावं, असं माझं मत. दिवा दहा वर्षं चालतो, तुमच्या वहीत तो एकाच वर्षी का टाकता?

शिवारातला | ९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३३

राम राम. मी नारायणगावचा, तालुका जुन्नर. टोमॅटो लावतो. पुतण्या तिकडं असतो, त्यानं हा धागा पाठवला. एका रोपामागं दिवा, पंखा, गरम चटई. आमच्या म्हशीची एवढी बडदास्त नाही.

पण थंडी आम्हालाबी आहे. जानेवारीत काकडी-कारल्याचं बी जमिनीत टाकलं तर उगवत नाही, सडतं. आई बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ती शेणखताच्या ढिगात पुरायची. आत ऊब असते. दोन-तीन दिवसांत कोंब बाहेर. मग पिशवीत लावायचं.

आता घरी रोपं कोणी करत नाही. रोपवाटिकेत प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, एका खणात एक बी, वरून पाणी, आणि ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकनं झाकून ठेवतात. ऊब धरते. कोंब दिसला की लगेच उतरवून शेडनेटखाली पसरायचे, एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबतं. टोमॅटो २५-३० दिवसांत लावणीला येतो, मिरचीला चाळीसेक दिवस धरा. म्हणजे बागुलबुवा म्हणतात ते दहा आठवडे आम्हाला जास्तच वाटतात, पण तुमचा उजेड आणि ऊब आमच्यासारखी नाही, हेबी खरं.

बागुलबुवा | ९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

दादा, नमस्कार! शेणखताच्या ढिगाचं काम आमच्याकडे ती गरम चटई करते. मिरचीला मातीत ८० ते ८५ फॅरनहाइट लागतं (२७ ते २९ सेल्सियस). आमच्या घरात हिवाळ्यात ६८ असतं, त्यात मिरचीचं बी नुसतं विचार करत बसतं. चटई नसेल तर फ्रिजच्या वर, नाहीतर वायफायच्या डब्यावर. कोंब आले की चटई काढायची, नाहीतर रोप पुन्हा लांबतं.

मटकी_स्पेशल | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

एवढं कशाला? मटकीला मोड आणता येतात ना, मग झालं. ओला पेपर टॉवेल, झिपची पिशवी, उबेची जागा. तीन वर्षं असंच करतेय. दुधी-कारल्याच्या बियांचं कवच जाड असतं, टोकाला नेलकटरनं किंचित कापून रात्रभर भिजवायचं. कोंब पाव इंच झाला की कपात.

फक्त एक काळजी घ्या. गेल्या वर्षी भेंडीचं बी भिजवून डब्यात ठेवलं होतं, शेजारी खऱ्या मटकीचा डबा. नवऱ्याने "मोड नीट आले नाहीत" म्हणून दोन्ही एकत्र केलं आणि फोडणी दिली. उसळ छान झाली होती, मधेच दाढेखाली कट्ट वाजायचं.

सोनसळी | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५८

हहपुवा!! ऑफिसात हसतेय, सगळे बघतायत.

शिवारातला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१०

हसू आलं, पण एक सांगतो. पाकिटातलं बी गुलाबी, निळं, हिरवं असं रंगवलेलं दिसलं तर त्याला बुरशीचं औषध लावलेलं असतं. ते स्वयंपाकघराच्या डब्यात ठेवूच नका. हातबी धुवा.

मटकी_स्पेशल | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१४

आमचं साधं राखाडी होतं दादा. नवरा अजून आहे.

पुण्याची_पाहुणी | १० फेब्रुवारी, सकाळी ६:४०

ठसका, लवंगीचं चांगलं बी हवं असेल तर आईला सांग ना. आमच्या ओळखीत एकींनी पापडाच्या डब्यात...

वाणिज्यदूत | १० फेब्रुवारी, सकाळी ७:२५

थांबा. अमेरिकेत बी आणायला शेतीखात्याचा परवाना नाहीतर रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. टोमॅटो आणि मिरचीच्या बियांवर तर २०१९ पासून जास्तच कडक नियम आहेत, टोमॅटोवर पडणाऱ्या एका नव्या विषाणूमुळे. तो बियांवरून पसरतो. विमानतळावर लपवलेलं सापडलं तर दंड वेगळा आणि पापडही जातात. ज्वालासारखी वाणं इथल्या बियाणेवाल्यांकडे मिळतात, तिथून घ्या.

संपादक | १० फेब्रुवारी, सकाळी ७:५०

बी लपवून आणण्याच्या युक्त्या या धाग्यावर नकोत. पापडांबद्दल बोलायला हरकत नाही.

पुण्याची_पाहुणी | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०१

मी फक्त पापडांबद्दलच बोलत होते. _/\_

म्युनिकचा_मुलूख | १० फेब्रुवारी, दुपारी १२:१५

मदर्स डे ऐकून गंमत वाटली. आमच्याकडे जर्मनीत यासाठी चक्क पाच संत नेमलेत, बर्फाचे संत म्हणतात. ११ मे ते १५ मे. शेवटची ती थंड सोफी, १५ मे. सोफी गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढायचा नाही. पहिल्या वर्षी मी अंधश्रद्धा म्हणून हसलो आणि १ मेला सगळं बाल्कनीत ठेवलं. सोफीनं माझी बारा रोपं नेली. आता मीही थांबतो.

उणे_तीस | १० फेब्रुवारी, दुपारी ४:००

कॅल्गरीचा भाऊ म्हणतो व्हिक्टोरिया डेपर्यंत, म्हणजे मेच्या २५ तारखेआधीच्या सोमवारपर्यंत थांबायचं. आणि मग तरीही त्या दिवशी बर्फ पडतो.

पावटा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३०

थोडं अवांतर, पण लवकर लावण्यावरून आठवलं. कोणी वाल किंवा पावटा घरात लवकर लावून बघितलाय?

मी मार्चमध्ये लावला. मेमध्ये बाहेर. जुलैत कुंपण झाकलं, ऑगस्टमध्ये शेजाऱ्याचं झाड. फूल एक नाही. नवरात्रात घटस्थापनेच्या आसपास पहिला तुरा आला, शेंगा चपट्या-चपट्या धरल्या आणि दिवाळीआधी हिव पडून वेल काळा. एक वाटी वाल मिळाले. बिरड्यात सगळे बटाटेच.

बागुलबुवा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०२

त्यात तुमची चूक नाही. आपले जुने वाल-पावटे रात्रीची लांबी बघून फुलतात. रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाहीत. देशात ते हिवाळ्यात बरोबर जमतं. इथे उन्हाळ्यात पंधरा तासांचा दिवस, त्यामुळे जानेवारीत लावा नाहीतर जूनमध्ये, फूल सप्टेंबरातच येणार. तूर आणि अंबाडीचंही तेच. अंबाडीची भाजी उन्हाळाभर खा, लाल बोंडांची वाट बघू नका. वालात दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारी बुटकी वाणं आहेत, बंगळूरच्या संस्थेची अर्का जय आणि अर्का विजय. तसलं काही मिळालं तरच नाद करा.

कांद्याचं याच्या उलट. आपल्या लासलगावच्या जातीचा कांदा लहान दिवसात गड्डा धरणारा. उत्तरेकडे लावलात तर रोप नीट वाढायच्या आतच दिवस मोठा होतो आणि सुपारीएवढा कांदा बसतो. अक्काबाई, तुम्ही कुठला लावता?

अक्काबाई | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:००

इथलाच, लांब दिवसाचा. सुपारीचे कांदे दोन वर्षं खाल्ले, मग शहाणी झाले.

ठसका | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४५

बाप रे, केवढं शिकले! ठरवलंय: दिवे आणले, चटई आणली, पेरणी १ मार्चला. तोवर बी फळीवर. हिशोबनीस, कृपया पावती मागू नका, घरात त्यावरून आधीच चर्चा चालू आहे.

माती कुठली? अंगणातली चालेल का (निघाली तर)?

कवडसा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१५

अंगणातली अजिबात नको, कपात ती घट्ट बसते आणि सोबत बुरशी आणते. बी पेरायचं हलकं मिश्रण मिळतं, नाहीतर कोकोपीटची वीट भिजवून थोडं पर्लाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे दाणे). पीटवालं मिश्रण कोरडं असेल तर पाणी वरून ओघळून जातं, कोमट पाण्यात कालवून मग भरा. कणकेसारखं नाही, मूठ दाबली तर एक-दोन थेंब पडतील इतपत.

खुरपं | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२२

कोकणात नारळाची सोडणं चुलीत घालतो आणि इथे त्याचीच वीट डॉलर मोजून आणतो. आजोबा वरून बघत असतील.

ठसका | २१ मार्च, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. १ मार्चला पेरलं. ज्वाला २० पैकी १७ उगवली, पहिला कोंब नवव्या दिवशी. सुक्या मिरचीतली लवंगी १९ दिवसांनी, २० पैकी ३. पण आज सकाळी ज्वालाची चार रोपं मुळाशी बारीक होऊन आडवी पडली. काल संध्याकाळी ठणठणीत होती! पाणी रोज घालतेय.

शिवारातला | २१ मार्च, रात्री ९:४०

रोज पाणी घालताय म्हणून. ही मर. मातीतली बुरशी, ओल आणि थंडावा मिळाला की रोपाची मान धरते. पडलेली उचलून टाका, ती उठत नाहीत. वरून पाणी बंद. ट्रेखाली ताटात पाणी ठेवून वीस मिनिटांत उचला, वरची माती सुकू द्या. आम्ही बियाण्याला ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) चोळतो, पुढच्या वेळी तेवढं करा.

कवडसा | २१ मार्च, रात्री ९:५५

+१. आणि छोटा पंखा लावा, अंगावर नको, पानं हलतील इतपत. वारा लागला की खोडही जाड होतं.

पुण्याची_पाहुणी | २१ मार्च, रात्री १०:१०

दालचिनीची पूड भुरभुरवा, बुरशी मरते.

बागुलबुवा | २१ मार्च, रात्री १०:१४

मी दोन ट्रे शेजारी ठेवून करून बघितलं. दालचिनीवाल्या ट्रेतलीही पडली, फक्त घरात मसालेभाताचा वास सुटला.

हिशोबनीस | २२ मार्च, सकाळी ९:००

कबूल करतो, मीही लावलंय. दिवा एकच घेतला. रोपांभोवती बारीक काळी चिलटं उडतायत. सौ. म्हणते, घरात मिरची आली नाही, चिलटं आली.

कवडसा | २२ मार्च, सकाळी ९:३०

:) स्वागत! माती सुकू द्या, पिवळे चिकट कागद खोचा. अळ्या मातीत असतात, त्यासाठी डासांच्या अळ्यांवर चालते तीच बीटीआयची गोळी पाण्यात भिजवून ते पाणी द्या.

ठसका | ४ मे, संध्याकाळी ६:२०

आज ऊन छान होतं म्हणून सगळी रोपं सकाळी डेकवर ठेवली, ऑफिसातून येऊन बघते तर पानं पांढरीफटक, कागदासारखी. आता काय??

उणे_तीस | ४ मे, संध्याकाळी ६:४५

आठ आठवडे दिव्याखाली वाढलेल्या पोराला एकदम मेच्या उन्हात उभं केलंत. भाजली ती. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस. शेंडा हिरवा असेल तर घाबरू नका, नवीन पानं येतील.

बागुलबुवा | ४ मे, संध्याकाळी ७:३०

आणि मदर्स डेला लगेच जमिनीत घालू नका. टोमॅटो घाला, खोडासकट खोल पुरा, त्याला खोडावर मुळं फुटतात. मिरची रात्रीचा पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली जायचा थांबेपर्यंत कुंडीतच. थंड मातीत ती महिनाभर रुसून बसते.

ठसका | २३ मे, सकाळी १०:१०

आज लावली. अंगणात खरंच माती निघाली, चिकण काळी, पण माती! ज्वालाची सहा रोपं जास्त आहेत, नेपरव्हिल-अरोरा भागात कोणाला हवीत का?

नवी_भाडेकरू | २३ मे, सकाळी १०:३०

मला! दोन चालतील, बाल्कनी आहे फक्त.

ठसका | २३ मे, सकाळी १०:३३

कुंडीत मस्त येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

ठसका | २६ जुलै, रात्री ८:००

आज पहिल्या हिरव्या ज्वाला तोडल्या, अकरा. लवंगीला आत्ता कुठे फुलं. उणे_तीस, तुमची कधी निघाली? मूळ प्रश्न तोच होता ना, कधी लावायचं.

उणे_तीस | २६ जुलै, रात्री ९:१२

(दबक्या आवाजात) १९ जुलैला. माझीही ज्वालाच.

बागुलबुवा | २६ जुलै, रात्री ९:१५

म्हणजे पाच आठवडे आधी पेरून एक आठवडा आधी मिरची. चार महिने दिव्याचं बिल वेगळं.

उणे_तीस | २६ जुलै, रात्री ९:१८

मी तुमच्याहून उत्तरेला आहे हे कोणी धरणारच नाही का? आणि एक आठवडा म्हणजे सात दिवसांचा ठेचा. २६ जानेवारी बदलणार नाही.

हिशोबनीस | २७ जुलै, सकाळी ८:०५

माझा हिशोब: दिवा, माती, कागद, गोळ्या धरून आजवर एक मिरची, सव्वीस डॉलर. दुसरी उद्या तोडेन म्हणजे तेरावर येईल.

सोनसळी | २७ जुलै, सकाळी ९:४०

सहा महिने नुसती वाचत होते, आता विचारते. माझ्या दोडक्याला सगळी नरफुलंच येतायत, एकही दोडका धरत नाही. नवीन धागा काढू का?

अक्काबाई | २७ जुलै, सकाळी १०:०२

इथेच विचार. आधी नरफुलंच येतात, मागून मादी येते, फुलाखाली बोटभर दोडका दिसेल. आणि सकाळी बघू नकोस, दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हाचा फोटो टाक.